नाही म्हणायचा सराव

कोथरूड, पुणे
२० जानेवारी २००८

प्रिय ताई,

फोनवर आपलं बोलणं हवापाण्यावरून सुरू होतं आणि भांडणावर संपतं, म्हणून पत्र लिहितोय. शिवाय ही बातमी फोनवर सांगायची नाही असं मी ठरवलं होतं. उभी असशील तर बस.

आई बोलली.

म्हणजे आवाजाने नाही. त्या आजाराने तिचे हात, पाय, जीभ, गिळणं, श्वास सगळं एकेक करून नेलं आणि दिवाळीत पापण्याही नेल्या, हे तू पाहिलंसच. पापण्या हलत होत्या तोवर निदान अक्षरांचा तक्ता समोर धरून तिच्याशी बोलता यायचं. त्यानंतर आम्ही नुसते तिच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधत होतो. खरं सांगू? मी तर अंदाज बांधणंही सोडलं होतं. ऑफिसातून आलो की "आई, आलो गं" म्हणायचो आणि टीव्ही लावायचो. ती आत जागी आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता, आणि ते मला थोडं सोयीचंही झालं होतं.

माझा कॉलेजातला मित्र दत्तप्रसाद तुला आठवत असेल, आपल्याकडे पोहे खाऊन वर डबाही भरून नेणारा. तो आता एका प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरींवर काम करतो. दर शनिवार-रविवार आम्ही दोघं आईच्या खोलीत खटपट करत होतो. तिच्या डोक्याला जेल लावून तारांची टोपी घालायची, कानाला हेडफोन. त्यात एक आवाज "हो" म्हणत राहतो, दुसरा "नाही". कोणता कधी येईल याचा नेम नाही. आईने प्रश्न ऐकायचा, आणि तिच्या मनातला शब्द कानावर आला की तो मनातल्या मनात मोजायचा. तसं मोजताना मेंदू किंचित दचकतो आणि ते दचकणं टोपीला कळतं. पुन्हा पुन्हा ऐकवून बेरीज केली की कॉम्प्युटर सांगतो, हो की नाही. हिंजवडीत मी बँकांची सॉफ्टवेअरं लिहितो. हे पहिलंच काहीतरी मी घरच्यांच्या उपयोगाचं लिहिलं.

"हो" माझ्या आवाजात आहे आणि "नाही" तुझ्या. दिवाळीत दत्तप्रसादने तुला माइकसमोर बसवून "नाही" म्हणायला लावलं होतं ना, ते याच्यासाठी. तुला त्या शब्दाची सवय आहे म्हणून तुझी निवड झाली.

मशीनला तिची लहर ओळखता यावी म्हणून आधी दत्तप्रसादने उत्तरं माहीत असलेलेच प्रश्न विचारले. तुमचं नाव मंदाकिनी का? माहेर वाईचं का? तुम्हाला तीन मुलगे आहेत का? या शेवटच्याला "नाही" आलं तेव्हा दत्तप्रसाद खुर्चीवरून उठून नाचला. मग मी पहिला खरा प्रश्न विचारला, "आई, इतके दिवस तुला सगळं ऐकू येत होतं?" उत्तर आलं, हो. मी बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून रडलो. तिच्या उशाशी उभं राहून आम्ही काय काय बोललो होतो ते सगळं आठवत होतं.

आता रोज विचारतो. कूस बदलू? हो. रेडिओ लावू? हो. पंखा? हो. घरात पुन्हा आई आहे असं वाटतं.

आणखी एक सांगायचं म्हणजे, कंपनी मला दोन वर्षांसाठी न्यू जर्सीला पाठवायचं म्हणतेय, एप्रिलपासून. सृष्टीही येईल, नवऱ्याला एकट्याला सोडणार नाही म्हणते. विश्रांतवाडीला एक शुश्रूषागृह पाहून ठेवलंय. श्वासाचं मशीन सांभाळणाऱ्या नर्स आहेत तिथे. पण आता जे काय करायचं ते आईला विचारूनच करू.

तुझा,
आमोद


कणकवली
३ फेब्रुवारी २००८

चि. आमोद,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून दोनदा रडले. तिसऱ्यांदा वाचताना शेवटचा परिच्छेद नीट दिसला.

आधी चांगलं बोलते. तू जे केलंस ते आपल्या सगळ्या नातेवाइकांत मिळून कुणाला जमलं नसतं. मी इथे निवासी शाळेतल्या पोरांना व्याकरण शिकवते, सुटीत पुण्याला येऊन आईच्या पायाला तेल लावते आणि तुला सल्ले देऊन परत जाते. रोज कूस तू बदलतोस. हे मला कळतं, म्हणून पुढचं लिहायला मला तोंड नाही. तरी लिहिते.

जानेवारीत पंखा, आमोद?

पुण्याच्या थंडीत आईला पंखा हवा होता? तू विचारलंस, "पंखा लावू?" तिला वाटलं असणार, याला उकडत असेल. म्हणून हो. हिला आयुष्यात एकच शब्द आला, "चालेल". बाबा दर पाडव्याला जांभळी साडी आणायचे. जांभळा रंग तिला बघवत नसे. कपाटात तळाशी त्या सगळ्या साड्या आहेत, एकीचीही घडी मोडलेली नाही. बाबा गेले तरी त्यांना कळलं नाही. आपण दोघांनीही तिला कधी "तुला काय हवं?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. "हे केलं तर चालेल ना?" असंच विचारायचो आपण, आणि उत्तर ऐकायच्या आत चपला घालायचो.

तुझं मशीन खरं असेल. मला त्याची शंका नाही, आईची आहे.

विश्रांतवाडीचं तिला एवढ्यात विचारू नकोस. ती हो म्हणेल, आणि मग ते हो तू जन्मभर लोकांना दाखवत फिरशील.

तुझी,
ताई


कोथरूड, पुणे
२४ फेब्रुवारी २००८

प्रिय ताई,

तुझं पत्र यायच्या आधीच मी विचारलं होतं. "आई, मी अमेरिकेला गेलो तर तुला विश्रांतवाडीला ठेवलं तर चालेल का?" उत्तर हो. पुन्हा विचारलं, पुन्हा हो. दत्तप्रसाद साक्षीला होता. आत्ताच हलवायचं, म्हणजे आम्ही इथे आहोत तोवर ती रुळेल, असं ठरलं.

तुझं पत्र आलं ते ॲम्ब्युलन्सच्या आदल्या दिवशी. मी ते आईला वाचून दाखवलं. सगळं, पंख्यासकट. मग टोपी घालून विचारलं, "ताई उगाच बोलते का गं?" उत्तर आलं, नाही. "थंडीत पंखा हवा होता का?" नाही. ताई, महिनाभर मी तिला पंख्याखाली कुडकुडत ठेवलं आणि रोज स्वतःची पाठ थोपटून घेतली.

विश्रांतवाडीचं मात्र पुन्हा विचारलं नाही. ॲम्ब्युलन्स सांगून झाली होती, खोली धरून ठेवली होती. सृष्टी म्हणाली, "एकदा विचारा ना अजून." मी म्हटलं, आता त्या माणसांना काय तोंड दाखवू? तिने आईच्या गोधड्या बांधल्या.

जागा स्वच्छ आहे. खिडकीतून आळंदी रस्ता दिसतो. हिरा नावाची नर्स आहे, ती आईशी गप्पा मारत काम करते. मी आठवड्यातून दोनदा तरी जातो. हिंजवडी एका टोकाला, विश्रांतवाडी दुसऱ्या, आणि मध्ये अख्खं पुणं गाड्या घेऊन उभं असतं. जातो म्हणजे उपकार करतो असं म्हणायचं नाही. तू तसं म्हणायच्या आत मीच लिहून टाकलं.

तुझा,
आमोद


कणकवली
८ मार्च २००८

चि. आमोद,

आशीर्वाद. रागावून काही उपयोग नाही, म्हणून रागावलेलं पत्र फाडून हे दुसरं लिहितेय.

आमच्या शाळेत जूनमध्ये नवी पोरं येतात. आईबापांना सोडून आलेली, घाबरलेली. काहीही विचारा, "हो बाई." पोटात दुखतं का, हो बाई. बरं वाटतं का, हो बाई. खरं काय ते कळत नाही. मग मी त्यांना वेड्यासारखं विचारते. केळं सालीसकट खाणार का? रात्री विहिरीत झोपणार का? आधी तेही "हो बाई" म्हणतात. मग एक जण हसतो आणि म्हणतो, नाही. एकदा ते तोंडून निघालं की मग पोटदुखीचंही खरं सांगतात.

आईला तसा सराव दे. तिच्या "नाही"ने कुणाचंच अडणार नाही अशा प्रश्नांनी सुरुवात कर. मग थोडं अडेल असं काही विचार. ती सरावली की मग तो शेवटचा प्रश्न विचार. तिला फक्त आपण विचारू तेवढंच बोलता येतं रे. आपण विचारलं नाही तर ते तिच्या आतच राहणार.

तुझी,
ताई


कोथरूड, पुणे
३० मार्च २००८

प्रिय ताई,

तुझी शाळा सुरू केली. पहिल्या दिवशी विचारलं, "आई, तुझ्या कानात शेंगदाण्याची चटणी घालू का?" मशीन बराच वेळ अडखळलं. मग, नाही. हिरा खो खो हसायला लागली. आईचा चेहरा हलत नाही हे मला माहीत आहे, तरी ती हसतेय असं मला वाटलं.

आता तिला चटक लागलीय. शेजारच्या पलंगावरच्या आजींची मालिका आवडते? नाही. माझे विनोद? नाही. सृष्टीने तिची नवीन तऱ्हेची वेणी घातली होती, ती आवडली? नाही. सृष्टीचं तोंड उतरलं, पण वेणी सोडता सोडता म्हणाली, "आई, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी सासूसारख्या बोललात." तिला किती आनंद झाला होता ते तू पाहायला हवं होतंस.

बाबांच्या जांभळ्या साड्यांचंही विचारलं. पहिल्यांदा काही ठरेना. दुसऱ्यांदा, नाही. बाबांच्या फोटोला मी घरी येऊन सांगितलं.

व्हिसा झाला. १९ एप्रिलला निघायचं. कोथरूडचं घर भाड्याने न देता बंदच ठेवतोय, किल्ली तुला पाठवतो. ऑफिसात अमेरिकेसाठी माझ्याआधी ज्याचं नाव होतं तो अजूनही माझ्याशी नीट बोलत नाही. सात वर्षं हिंजवडीच्या बसमध्ये बसून ही संधी आलीय, हे तुलाही समजतंय ना?

तुझा,
आमोद


कणकवली
७ एप्रिल २००८

आमोद,

समजतं. वेणीचं वाचून मीही हसले.

शेवटचा प्रश्न विचारलास का?

ताई


एडिसन, न्यू जर्सी
२७ एप्रिल २००८

प्रिय ताई,

सुखरूप पोचलो. घर लहान आहे, बाहेर अजून थंडी आहे. सृष्टीला तुरीची डाळ मिळाली, त्यामुळे ती निम्मी तरी खूश आहे.

तू विचारलं होतंस त्याबद्दल. निघायच्या आदल्या दिवशी विचारलं. "मी अमेरिकेला गेलो तर चालेल का?" उत्तर "नाही" आलं.

थांब, रागावू नकोस, पुढचं वाच. त्या दिवशी मशीनचा भरवसा नव्हता. जेल वाळलं होतं बहुतेक. मी तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा तेच. मग दत्तप्रसादने एक गोष्ट सांगितली. "नाही" तुझ्या आवाजात आहे. तू इतकी लांब, आईला तुझी आठवण येणार. प्रश्न कुठलाही असो, तुझा आवाज कानावर पडला की तिचा मेंदू आपोआप दचकत असेल, आणि मशीनला वाटत असेल ती "नाही" म्हणतेय. शास्त्राच्या दृष्टीने हे अगदी शक्य आहे. शिवाय महिनाभर आम्ही तिच्याकडून "नाही"च वदवून घेत होतो, त्या सरावाचाही परिणाम असेल. म्हणून मी तो निकाल धरला नाही.

सामान बांधून झालं होतं, ताई. सृष्टीने नोकरी सोडली होती. एका संशयास्पद आकड्यावर एवढं सगळं उलटंपालटं कसं करायचं?

निघताना आईच्या पाया पडलो. तिचे पाय गार होते. हिराला मोजे घालायला सांगून आलो. तू मे महिन्यात जाशीलच, तेव्हा कशी आहे ते कळव.

तुझा,
आमोद


विश्रांतवाडी, पुणे
१८ मे २००८

चि. आमोद,

आशीर्वाद. सुटी लागल्यापासून इथे आहे. राहते कोथरूडला, दिवसभर आईजवळ बसते. ती बरी आहे. अंगावर एकही व्रण नाही, हिरा तिचं सगळं मनापासून करते. ते तुला आधी सांगते.

तुझं पत्र वाचून मला काय वाटलं ते सांगू? राग नंतर आला. आधी वाटलं, माझ्या आवाजामुळे आईचं बोलणं कुणी ऐकलं नाही. मी जवळ नसते म्हणून ती दचकते, आणि ती दचकते म्हणून ती खोटी ठरते. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

मग दत्तप्रसादला बोलावलं. येईना. आला तर नजर वर करेना. त्याला म्हटलं, आवाज उलटे कर. "हो" माझ्या आवाजात, "नाही" आमोदच्या. तुझं "नाही" कुठून आणायचं म्हणून तो अडला. मग तुमच्याच जुन्या चाचण्यांच्या फाइलींत सापडलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. नाव मंदाकिनी का? माहेर वाईचं का? माझं नाव हिरा का? सगळी उत्तरं बरोबर.

मग विचारलं, "आमोद अमेरिकेला गेला, ते तुला चाललं का?"

"नाही" आलं, आमोद. या वेळी तुझ्या आवाजात. तू तीनदा विचारलंस म्हणून मीही तीनदा विचारलं. तिन्ही वेळा "नाही".

मग मी विचारलं, "त्याला परत बोलावू का?" त्यालाही "नाही". लगेच आलं, अजिबात न अडखळता. दत्तप्रसाद म्हणतो दोन्ही उत्तरं सारखीच स्पष्ट आहेत. जायला नको होतास आणि यायलाही नको. यातलं मनातलं कोणतं आणि तुझ्या सोयीचं कोणतं, हे सांगणारी टोपी त्याच्याकडे नाही.

तुला परत ये असं मी लिहिणार नाही. तसं लिहायचा हक्क मला नाही, आणि त्याचं कारणही सांगते. माझी शाळा जूनच्या मध्यावर उघडते. रोज सकाळी मी तिला टोपी घालते, जेल लावते, आणि विचारते, केस विंचरू का? खिडकी उघडू का? "मी कणकवलीला परत गेले तर चालेल का?" एवढंच विचारत नाही. चार महिने तुला शिकवत बसले. माझ्यावर वेळ आली तेव्हा खिडकीवर थांबले. ती "नाही" म्हणाली तर मी काय करणार आहे, ते मला माहीत नाही. म्हणून घाबरते.

ती ऐकत असते. मी रोज काय विचारत नाही, तेही तिला ऐकू येत असणार.

तुझी,
ताई


एडिसन, न्यू जर्सी
३ जून २००८

प्रिय ताई,

हे दत्तप्रसादला मेल करतोय. तो छापून तुझ्या हातात देईल. फोन केला असता, पण तू ओरडली असतीस, मी बचाव केला असता, आणि खरं बोलायचं राहून गेलं असतं.

जेल वाळलं नव्हतं. मीच लावलं होतं, नीट लावलं होतं.

आणि तुझ्या आवाजाची शंका दत्तप्रसादने आपणहून काढली नव्हती. मी त्याला विचारलं, "ताईच्या आवाजामुळे असं होऊ शकतं का रे?" तो म्हणाला, होऊ शकतं, पण आवाज बदलून पाहू, लगेच होईल. मी म्हटलं, नको, उशीर होतोय. कसला उशीर होता? मी तिथून घरी गेलो आणि टीव्ही बघत बसलो. आवाज बदलूनही ती "नाही" म्हणाली असती तर मला जाता आलं नसतं, म्हणून मी तिला तिथेच थांबवलं. ज्या मशीनचं "हो" मी साक्षीदार लावून घेतलं, त्याचंच "नाही" आलं तेव्हा मशीन बिघडलं. तुझ्यावर ढकललं, ते तर फारच वाईट केलं. तू दोन दिवस जेवली नाहीस. ते मला पुन्हा वाचता आलं नाही.

तुझं पत्र सृष्टीला वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "तुम्हा बहीणभावांचं विचारून संपलं की सांगा. मी बॅगा भरायला घेते." मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, परत बाहेर पाठवतील ही आशा सोड. म्हटलं, चालेल. तो शब्द माझ्या तोंडून निघाला आणि मला आईचं थोडं कळलं. वाईट वाटत होतं, ताई, खूप वाटत होतं. आताही वाटतंय.

परत बोलावू का, याला ती "नाही" म्हणाली. ते खरंही असेल. मला वाटतं ते नाही, पण माझ्या वाटण्यावर मीच आता विश्वास ठेवत नाही. फार तर काय होईल? चुकून घरी येईन. चुकून गेलो होतो, त्यापेक्षा ते बरं.

१२ तारखेला पुण्यात पोचतो. तिची खोली उघडून ठेव, विश्रांतवाडीला कळव. तुझा तो प्रश्न तू विचार. उत्तर काहीही आलं तरी तिच्यापाशी मी असेन, तेव्हा तुला ते ऐकायची भीती नको. आणि तिलाही खरं सांगायची भीती नको.

मी येतोय, हे तिला आज सांग. विचारू नकोस.

तुझा,
आमोद